साडेसहाची वेळ

मुंबईत फुटपाथवर राहणाऱ्या माणसाला आठवड्याचे वार तोंडपाठ असतात. मंगळवारी प्रभादेवीला, सिद्धिविनायकाच्या रांगेच्या आसपास. बुधवारी माहीमला, सेंट मायकल चर्चबाहेर. त्या दिवशी नोव्हेनासाठी तिथे दिवसभर रीघ असते आणि मेणबत्ती लावून बाहेर पडणारा माणूस सहसा हात आखडता घेत नाही. गुरुवार साईबाबांचा, शुक्रवार दर्ग्याचा, शनिवार मारुतीचा, रविवार चर्चचा. माहीमच्या दर्ग्याजवळ काही हॉटेलांसमोर माणसं ओळीने उकिडवी बसलेली असतात. जाणारा-येणारा गल्ल्यावर पैसे ठेवून ‘दहा जणांना’ म्हणतो, ओळीतल्या पहिल्या दहांना जेवण मिळतं आणि बाकीचे पुढे सरकतात. शिवाय दादरच्या गुरुद्वाऱ्यातला लंगर आहे, लग्नाच्या हॉलच्या मागच्या दाराशी रात्री उशिरा मिळणारं उरलंसुरलं आहे. देव निराळे, पण वेळापत्रक सगळं मिळून एकच. मुंबईत कुणी उपाशी झोपत नाही, असं आपण मोठ्या अभिमानाने म्हणतो. त्यात जे काही थोडंफार खरं आहे ते या वेळापत्रकाच्या जोरावर.

मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे ते कोलमडलं. २२ तारखेला जनता कर्फ्यू, पाठोपाठ लोकल बंद, २५ पासून देशभर टाळेबंदी. देवळं, मशिदी, चर्च, हॉटेलं, लग्नाचे हॉल, सगळ्यांना थोड्याच दिवसांच्या अंतराने कुलपं लागली. २०११ च्या जनगणनेत बृहन्मुंबईत घर नसलेली सुमारे ५७ हजार माणसं मोजली गेली होती. या क्षेत्रात काम करणाऱ्या संस्था खरा आकडा याहून बराच मोठा असल्याचं सांगतात. शहरी लोकसंख्येच्या दर लाखामागे बेघरांसाठी एक निवारा असावा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच बजावलं होतं. त्या हिशेबाने मुंबईत सव्वाशेच्या आसपास निवारे हवेत. प्रत्यक्षात होते ते त्याच्या जवळपासही नव्हते. तेव्हा ‘घरीच राहा’ ही सूचना पुलाखाली पोचली ती पोलिसांच्या काठीबरोबर, आणि उठून जायचं कुठे याचं उत्तर काठीवाल्याकडेही नव्हतं.

मी याच दादर-माहीम पट्ट्यातल्या एका चर्चच्या ऑफिसात हिशेब ठेवते. माहेर वसईचं, लग्नानंतर इकडची झाले. आमच्या चर्चमध्ये सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीची शाखा आहे. १८३३ मध्ये पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम आणि त्याच्या कॉलेजातल्या मित्रांनी सुरू केलेली ही संस्था. गरिबाला आपल्या दारात उभं करायचं नाही, आपण त्याच्या घरी जाऊन भेटायचं, हा तिचा जुना शिरस्ता. आमच्याकडे मदत घेणारी निम्मीअधिक कुटुंबं रस्त्यावरची, म्हणून सोसायटीच्या वहीत पत्त्याच्या रकान्यात ‘पुलाखाली, तिसरा खांब’, ‘शाळेची मागची भिंत, निळी ताडपत्री’, ‘फुलबाजार, पहाटे चारनंतर’ असले पत्ते लिहिलेले. रविवारी दुपारी आमच्या हॉलमध्ये या मंडळींचं जेवण असायचं. टेबल-खुर्च्या, स्टीलची ताटं, डाळभात, भाजी, पाव, महिन्यातून एकदा चिकन. सत्तर-ऐंशी माणसं. वाढायला बहुतेक साठीपुढच्या बायका, ‘आणखी थोडा भात घे’ म्हणत पाठीमागे लागणाऱ्या. वसईत लग्नघरी वाढतात तसं आग्रहाने वाढायचं, एवढंच आमचं धोरण होतं, आणि ते वर्षानुवर्षं छान चाललं होतं.

टाळेबंदीने यातली एकेक गोष्ट काढून घेतली. हॉलमध्ये माणसं बसवायला मनाई. पासष्टीपुढच्यांनी घराबाहेर पडू नये म्हणून वाढणाऱ्या बायका घरात. आचारी होळीला गावी गेला तो तिकडेच अडकला. आणि मिस्साच नाही म्हटल्यावर रविवारचं कलेक्शन नाही. मंगळवारी संत अंतोनीच्या पुतळ्याजवळच्या ‘गरिबांची भाकर’ म्हणून ठेवलेल्या पेटीत दर आठवड्याला बऱ्यापैकी पैसे पडत. तीही बंद चर्चमध्ये रिकामी. जमेच्या बाजूला शून्य लिहायची सवय मला नव्हती. खर्चाची बाजू मात्र वाढणार हे उघड होतं, कारण आता रविवारचं जेवण पुरणार नव्हतं. बाकीचे सहा वारही शहराने काढून घेतले होते.

फादरांनी वॉर्ड ऑफिसात आणि पोलीस ठाण्यात खेटे घालून काही जणांचे पास आणले. यूथ ग्रुपची मुलं पुढे आली. एरवी ख्रिसमसला गोठा बांधणं आणि गाण्याची प्रॅक्टिस यापलीकडे त्यांच्याकडून कुणाच्या फारशा अपेक्षा नसत. गल्लीतल्या एका केटररने त्याचे मोठे टोप आणि भट्ट्या दिल्या. एप्रिल-मेची त्याची सगळी लग्नं रद्द झाली होती, सामान नुसतं पडून होतं. पण सामान आलं तरी दोनशे माणसांचं शिजवणार कोण? यूथच्या मुलांना मॅगीपलीकडे काही येत नव्हतं.

उत्तर रांगेतच उभं होतं. आमच्याकडे जेवायला येणाऱ्यांत वीस-पंचविशीतली बरीच पोरं होती. त्यांना आम्ही ‘मोलमजुरी करणारी’ म्हणून ओळखत होतो. खरं तर ती केटरिंग लाइनची पोरं. मुंबईतल्या लग्नांत, पार्ट्यांत काळी पँट, पांढरा शर्ट आणि बो घालून जी मुलं तुमच्यासमोर स्टार्टरचा ट्रे धरतात त्यांतली कितीतरी त्या रात्री मैदानाच्या कडेला नाहीतर स्टेशनबाहेर झोपतात. काम रोजंदारीवर, तेही सीझनपुरतं. जेवण कामावरच मिळतं, कपडे कुठल्यातरी टपरीवाल्याकडे ठेवायला दिलेले असतात. लग्नं थांबली तसा त्यांचा पगार, जेवण आणि ओळख तिन्ही एका दिवसात गेलं. वॉर्डाच्या परवानगीने फादरांनी चर्चच्या शाळेचे दोन वर्ग उघडून दिले, त्यांतली काही पोरं तिथे राहायला आली आणि दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात शिरली.

त्यातला एक जालन्याकडचा. बोलायला कमी, हाताला चपळ. पहिल्या संध्याकाळी मी डबे भरत होते आणि तो बाजूला उभा राहून नुसता बघत होता. मग म्हणाला, “काकू, तुम्ही घरच्यावानी वाढायलात. असं वाढलं तर शेवटच्या पन्नास जणांना टोप खरवडून द्यावा लागंल.”

त्याने झाऱ्याच्या दांड्याने खिचडीवर दोन आडव्या-उभ्या रेघा ओढल्या आणि टोपाचे चार भाग केले. “एक भाग संपला की डबे मोजायचे. पन्नास झाले तर हात बरोबर. चाळीसच झाले तर हात जड. साठ झाले तर आपण कुणालातरी उपाशी ठेवायलोत.” मग त्याने सांगितलं की डब्याचं झाकण लगेच लावायचं नाही. मोठ्या परातीत पसरून आधी वाफ जाऊ द्यायची. गरम खिचडीवर झाकण दाबलं की वाफेचं पाणी खाली उतरतं आणि एप्रिलच्या उकाड्यात ती लवकर आंबते. खोबरं नको, बटाटा कमी. बाहेर नेऊन खायच्या अन्नात तेल थोडं सढळ. दोनशे माणसांना पंधरा किलो तांदूळ आणि सात किलो डाळ, हे त्याचं गणित मी वहीत उतरवून घेतलं. पुढे दोन वर्षं त्यात फारसा फरक करावा लागला नाही. इतकी वर्षं ज्याला आम्ही वाढत होतो त्याचा धंदाच वाढण्याचा होता. आमच्यापैकी कुणी त्याला तू काय करतोस असं विचारलंही नव्हतं, कारण ‘आणखी भात घे’ म्हणण्यात आमचं सगळं बोलणं संपायचं.

तेव्हाच्या बातम्यांत दात्यांची रीघ दिसते आणि ती खरीच होती. एप्रिलमध्ये या शहराने अन्न वाटलं ते मी कधी विसरणार नाही. महापालिकेची पाकिटं, पक्षांच्या कार्यकर्त्यांची पाकिटं, मंडळांची, कंपन्यांची, गुरुद्वाऱ्यांची, मशिदींची, सोसायट्यांची. २६ जानेवारी २०२० ला दहा रुपयांत सुरू झालेली शिवभोजन थाळी मार्चअखेर पाच रुपयांवर आणली गेली. पण ही गर्दी बहुतेक दुपारी बाराच्या सुमाराची. आमच्या पुलाखाली एखाद्या दिवशी साडेअकरा ते एकच्या दरम्यान तीन टेम्पो थांबत, तिन्हींत खिचडी. घर असतं तर माणूस एक पाकीट खाऊन दोन जपून ठेवतो. पुलाखाली ठेवणार कुठे? भांडं नाही, फडताळ नाही, रात्री घुशी. संध्याकाळी पाकीट उघडावं तर आंबलेलं. मग सकाळी कचऱ्यात खिचडीचा ढीग आणि त्याच्याच बाजूला रात्री उपाशी झोपलेली माणसं, असं दोन्ही एकाच फुटपाथवर दिसायचं. लोक नाकं मुरडत, ‘बघा, फुकटचं मिळतं म्हणून टाकतात’. त्यांना मी एकच सांगायची: तुम्ही तुमच्या फ्रिजचा प्लग काढा आणि दुपारचं तीन माणसांचं जेवण रात्रीपर्यंत पायरीवर ठेवून बघा.

तेव्हा आम्ही दुपार सोडून दिली. संध्याकाळ धरली, तीही एकच ठरलेली वेळ: साडेसहा. पुढे मे महिन्यापासून सात वाजता संचारबंदी लागायला लागली, तेव्हाही ही वेळ जमून गेली. साडेसहाला घेतलेलं अन्न माणूस आठ-साडेआठपर्यंत खातो, टिकवण्याचा प्रश्न येत नाही. त्यात २५ एप्रिलपासून रमजान सुरू झाला. दर्ग्याभोवतीचे कित्येक जण आता आमच्या रांगेत होते आणि साडेसहाला मिळालेला डबा सातच्या सुमाराला रोजा सोडायला बरोबर हातात असायचा. पहाटेच्या सहरीसाठी काही खजूर-केळी बरोबर देता येतील का, असं एकाने फार संकोचाने विचारलं. यूथच्या मुलांनी त्यांची वेगळी यादी केली. चर्चच्या दारात सहरीची यादी लिहिली जातेय याचं कुणाला नवल वाटायला त्या दिवसांत फुरसतही नव्हती.

फॉईलचे डबे मिळेनासे झाले तेव्हा आम्ही पोळी-भाजीकडे वळलो. प्रत्येक घराने दहा पोळ्या करायच्या. घरात अडकलेल्या आमच्या साठीपुढच्या बायकांना काम मिळालं आणि त्यांनी व्हॉट्सॲपवर आपापल्या बिल्डिंगा वाटून घेतल्या. पोळ्या गेटवर वॉचमनकडे ठेवायच्या, मुलं सायकलवरून गोळा करणार. गुजराती घरांतल्या पातळ, तुपाचा हात लावलेल्या; मराठी घरांतल्या घडीच्या; आणि पावावर वाढलेल्या आमच्या कॅथलिक घरांतल्या पहिल्या आठवड्यातल्या पोळ्या म्हणजे भूगोलाच्या पुस्तकातले नकाशेच. भाजी सुकी करायची, पोळीत गुंडाळायची, बटर पेपरात बांधायची. पुलाखालची लहान मुलं त्याला ‘फ्रँकी’ म्हणायला लागली. आजही काही जण म्हणतात.

रांगेसाठी मुलांनी रस्त्यावर चुन्याची वर्तुळं आखली. पहिल्याच आठवड्यात दुपारी चारपासून वर्तुळांत चपला, विटा, बोचकी, प्लॅस्टिकच्या बाटल्या दिसायला लागल्या. माणूस सावलीत, नंबर उन्हात. बाटल्या बघताना लक्षात आलं की त्या रिकाम्या आहेत आणि भरून घ्यायला आणलेल्या आहेत. हॉटेलं आणि स्टेशनं बंद म्हटल्यावर पिण्याच्या पाण्याचे नळही बंद झाले होते. पैसे देऊन वापरायची शौचालयं होती, पण कमाईच नाही तर द्यायचे कुठून? हात धुवा, हात धुवा म्हणून दिवसभर भोंगा फिरत होता. आम्ही फाटकाशी तोटीचा पिंप ठेवला आणि शाळेच्या मैदानाकडची शौचालयं सकाळी दोन तास उघडली. बायकांना मंगळवार आणि शुक्रवारी आंघोळीची सोय. यावर आजूबाजूच्या एका सोसायटीने लेखी तक्रार केली, दुसरीने साबण पाठवले. दोन्ही कागद माझ्या फाइलमध्ये आहेत.

नळाशी एक आजी रोज यायची. जन्म फुटपाथवरचा, गजरे करून विकण्यात आयुष्य गेलेलं, फुलबाजार बंद झाल्यापासून हात रिकामे. ती मला पहिल्यापासून ‘ए बाई’ म्हणते. मे महिन्यात एकदा डबा घेताना म्हणाली, “ए बाई, तुझं कमी असतं, पण तुझं असतं.” ती थट्टा करत होती की हिशेब सांगत होती, कळेना. मग तिनेच समजावलं. ज्या दिवशी कोण येईल ठाऊक नसतं त्या दिवशी माणूस फुटपाथ सोडून हलत नाही. टेम्पो येईल आणि आपण नसू ही धास्ती. पाणी आणायला जात नाही, सरकारी दवाखान्यात जात नाही, कुठे काम मिळतंय का बघायला जात नाही. साडेसहाला मिळणार हे नक्की झाल्यावर ती दिवसभर मोकळी झाली. एका बिल्डिंगच्या मागच्या बाजूला तिला लसूण सोलायचं काम मिळालं होतं.

या कामातून मी काही शिकले असेन तर ते एवढंच. आम्ही अन्न देत होतो असं आम्हाला वाटत होतं. तिला खरा उपयोग झाला तो वेळेचा. दानाला लहर चालते, भूक मात्र वेळेवर लागते. आणि ज्याच्याकडे साठवायला जागा नाही त्याच्यासाठी ‘पुढचं जेवण नक्की कधी’ हीच साठवण असते. तुमच्या-माझ्या घरात डब्यात तांदूळ असतो म्हणून आपण बिनघोर बाहेर पडतो. तिच्याकडे तांदळाच्या जागी साडेसहा वाजलेले होते.

जून आला. ‘मिशन बिगिन अगेन’ म्हणत राज्याने हळूहळू दारं किलकिली केली. माणसं कामावर जायला लागली तसे टेम्पो कमी होत गेले आणि जुलैच्या मध्याला पुलाखाली आमच्याशिवाय क्वचितच कुणी दिसे. यात कुणाला दोष द्यावा असं नाही. ज्याला नोकरी टिकवायची होती तो रोज खिचडी कशी वाटणार? पण रांग कमी झालेली नव्हती. श्रमिक गाड्यांनी काही जण गावी गेले, त्यांच्या जागी नवे आले. हॉटेलात काम करून हॉटेलातच झोपणारे वेटर आणि मोरीवाले. हॉटेल बंद झाल्यावर त्यांची नोकरी आणि अंथरूण एकदमच गेलं होतं. धारावी-सायनकडे पाच-सहा जणांत खोली करून राहणारे, भाडं थकल्यामुळे बाहेर पडलेले. हे नवे लोक रांगेत शेवटी उभे राहत आणि डबा घेतल्यावर तिथून लांब निघून जात. नाव विचारलेलं त्यांना आवडत नसे. आम्ही विचारणं सोडलं.

पावसाने वेगळा धडा दिला. ३ जूनला निसर्ग वादळ येणार म्हणून इशारे होते, तेव्हा पहिल्यांदाच वेळ बदलली आणि दुपारी तीनलाच डबे वाटले. आदल्या संध्याकाळी प्रत्येकाला तोंडी सांगून ठेवलं होतं. वादळ अलिबागकडे धडकलं, मुंबई थोडक्यात वाचली. ५ ऑगस्टला मात्र कसलीही सवड न देता पाऊस आणि वारा असा काही झोडपायला लागला की दक्षिण मुंबईत झाडं मोडून पडली. त्या दिवशी पोळ्या गोळा करायला सायकली निघणं शक्यच नव्हतं. शाळेत राहणाऱ्या पोरांनी भट्टी पेटवून नुसता गरम डाळभात केला आणि मोठ्या ताडपत्रीखाली टोप धरून पुलापर्यंत चालत नेला. पोचायला सात वाजले. गुडघाभर पाण्यातून कोण येणार असं मला वाटत होतं. सगळे उभे होते. जालन्याच्या पोराने मला नंतर सांगितलं, “पंगत बसली की पाऊस असो, वीज जावो, वाढप्याने पान सोडायचं नसतं, काकू.” त्याच्या धंद्यातला हा साधा नियम आहे. आमच्या धंद्यात तो असायला काय हरकत होती?

पैशांचं सांगायचं तर संत अंतोनीची पेटी मोबाईलवर गेली. क्यूआर कोडचा कागद चर्चच्या बंद फाटकावर चिकटवला. ज्यांनी आयुष्यात कधी तसे पैसे पाठवले नव्हते त्या आजी-आजोबांना नातवंडांनी शिकवलं. मंगळवारी मोबाईल वाजायला लागला की मला बरं वाटे. पन्नास, शंभर, एकवीस, एकावन्न. एकवीस आणि एकावन्न अर्थातच आमच्या हिंदू शेजाऱ्यांचे. एकरकमी मोठी देणगी देणारे होते, त्यांचे आभार. पण मला स्वयंपाकघराचा महिन्याचा अंदाज बांधता आला तो या छोट्या, न चुकणाऱ्या रकमांवर. इथेही तेच सूत्र.

१६ नोव्हेंबर २०२० ला, दिवाळीच्या पाडव्याला, राज्यातली प्रार्थनास्थळं उघडली. चर्चमध्ये अंतर राखून मिस्सा सुरू झाली, पण जेवण फाटकावरच राहिलं. आणि मग २०२१ च्या एप्रिलमध्ये दुसरी लाट आली, १४ तारखेच्या रात्रीपासून पुन्हा कडक निर्बंध. पहिल्या लाटेपेक्षा ती भयंकर होती. आमच्याच लोकांत मृत्यू झाले. फादर दिवसाला दोन-दोन अंत्यविधी करत होते, तेही मोजक्या माणसांत. पण फाटकावर या खेपेला गोंधळ नव्हता. भट्टी तीच, वही तीच, वेळ तीच. रांगेतल्या माणसांनी स्वतःच वर्तुळं आखली.

वहीचा उपयोग लसीकरणात झाला. सुरुवातीला नोंदणीला ओळखपत्र हवं होतं, आणि फुटपाथवर आधार कार्ड असलंच तर ते पावसात भिजलेलं किंवा बोचक्यासकट उचलून नेलेलं. मे २०२१ मध्ये केंद्राने ओळखपत्र नसलेल्यांसाठी वेगळी कार्यपद्धती जाहीर केली. अशा माणसांच्या याद्या करून त्यांच्यासाठी खास सत्रं भरवायची होती. वॉर्डातून विचारणा झाली तेव्हा आमच्याकडे यादी तयार होती. ‘पुलाखाली, तिसरा खांब’ हा पत्ता सरकारी कागदावर गेला. गजरेवाली आजी लस घेऊन आली आणि दंड दाखवत म्हणाली, आता तरी मला म्हातारी म्हणू नकोस.

एप्रिल २०२२ मध्ये निर्बंध उठले आणि आमच्याकडे वाद सुरू झाला. वाढणाऱ्या बायका हॉल उघडायला उतावीळ. माणसाला टेबलावर बसवून स्टीलच्या ताटात वाढण्यात मान आहे, डबा हातात देऊन वाटेला लावण्यात काय आहे, असं त्यांचं म्हणणं. मलाही ते पटत होतं. म्हणून रांगेतच विचारलं. म्हातारी माणसं आणि एकटे पुरुष हॉलला लगेच तयार झाले. खुर्चीवर अर्धा तास पंख्याखाली बसायला मिळतं ही त्यांच्यासाठी मोठी गोष्ट. बायकांना मात्र डबाच हवा होता. हॉलमध्ये येऊन बसायचं तर बोचकं कुणाच्या भरवशावर सोडायचं? तेवढ्यात पालिकेची गाडी आली तर ताडपत्रीसकट संसार जातो. पोरं लहान असतात. शिवाय एक जण म्हणाली ते मी तिच्याच शब्दांत सांगते: “तुमच्यासमोर बसून खाताना तोंड हसरं ठेवावं लागतं. डबा नेला की पोरांना मी माझ्या हाताने वाढते.” आमच्या हॉलमध्ये मान मिळत होता यात शंका नाही, पण तो आम्ही ठरवलेल्या पद्धतीने.

आता दोन्ही आहे. बुधवार आणि रविवारी हॉलमध्ये ताटं, बाकी दिवस फाटकावर डबे, आणि हॉलच्या दिवशीही ज्याला डबा हवा त्याला डबा. शाळेतल्या पोरांपैकी बरीच लग्नाच्या सीझनला परत कामावर गेली. जालन्याचा आता एका केटररकडे सुपरवायझर आहे. पाऊस लागला, लग्नं थांबली, की तो आमच्या भट्टीवर येतो. त्याचा पगार मी इतर खर्चासारखाच वहीत मांडते.

एक नियम मी आग्रहाने करून घेतला आहे. वाढदिवस, पुण्यतिथी, लग्नाचा वाढदिवस म्हणून लोक जेवण घालायला येतात. डिसेंबरात तर वाट बघावी लागते इतके येतात, आणि बिर्याणी, केक, मिठाई सगळं आणतात. त्यांना नाही म्हणत नाही. फक्त तारखांची वही पुढे करते आणि सांगते, तुमचा दिवस तुम्हाला दिला, आता जुलै-ऑगस्टमधला एक साधा वार तुम्ही आम्हाला द्या. डाळभाताचा. त्या दिवशी फोटो नाही, पाहुणे नाहीत, पाऊस असेल. काही जण हसतात, काही जण नाराज होऊन जातात. पण या वर्षी पावसाळ्याचे जवळजवळ सगळे वार भरलेले आहेत.